वऱ्हाडचा अनुशेष आणि मोजण्याचे माप

सरकारी योजनांचे मूल्यमापन हा पंडितांचा विषय वाटतो. पण त्याचा निकाल शेतकऱ्याच्या बांधावर लागतो. वऱ्हाडच्या इतिहासातच ह्याचा पाठ आहे.

१९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे वचन होते. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. पुढे वीस वर्षे एक बाजू म्हणे, अन्याय झाला. दुसरी म्हणे, झाला नाही. आवेश दोघांजवळ होता. दोघांना मान्य असे माप नव्हते. १९८३ साली शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ साली आला.

समितीची रीत साधी होती. रस्ते, सिंचन, ग्रामीण वीज, शिक्षण, आरोग्य अशा नऊ बाबी घ्यायच्या; प्रत्येक बाबीत राज्याची सरासरी काढायची; जो जिल्हा तिच्या खाली, त्याची तूट रुपयांत मांडायची. हाच अनुशेष. तो एकूण सुमारे ३१८७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा १२४७ कोटी. तक्रारीला आकडा मिळाला, हे मोठेच काम झाले.

दुसऱ्या समितीने १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली. एकूण अनुशेष १४,००७ कोटी, विदर्भाचा ६६२४ कोटी. म्हणजे हिस्सा ३९ टक्क्यांवरून ४७ वर गेला. भाववाढीने रक्कम फुगते हे खरे. पण हिस्सा का वाढला, ह्याचे उत्तर केवळ भाववाढ नव्हे.

पुढे रुपयांचा अनुशेष कागदावर फिटला. अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा ह्या जिल्ह्यांत सिंचनाचा मात्र उरलाच. रक्कम एकदा ठरलेली. धरणाचा खर्च दरसाल वाढता. रुपया संपला, पाणी आले नाही.

सरासरीही पुष्कळ झाकते. आपल्या वलगावची पेढी पुढे पूर्णेला मिळते. त्या पूर्णाखोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट. तेथे विहीर आहे म्हणून ओलीत आहे असे होत नाही. विहिरी मोजणाऱ्याला हे दिसणार कसे?

आम्हा कामगार कार्यकर्त्यांना हे नवे नाही. महागाई निर्देशांकात कोणत्या वस्तू धरल्या, त्यावर महागाई भत्ता ठरतो. म्हणून आम्ही आकड्याआधी वस्तूंची यादी मागतो. गावानेही तेच करावे. पाहणी करणारे आले की किती खर्च झाला एवढेच न विचारता, काय मोजणार आणि कोणाला विचारून, हे आधी विचारावे. माप ठरले की निम्मा निकाल लागलेला असतो.