टी-टू-स्टार एमआरआय

थॅलेसेमिया मेजरसारख्या आनुवंशिक रक्तविकारांत वारंवार रक्त चढवल्याने अवयवांत साचणारे लोह मोजण्याची तपासणी. हिच्यात शरीरात सुई जात नाही, क्ष-किरणही वापरावे लागत नाहीत.

रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. शरीर रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम गमावते आणि जादा लोह बाहेर काढण्याची वाट त्याच्याकडे नाही. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या मुलाच्या यकृतात, स्वादुपिंडात, पीयूष ग्रंथीत, हृदयाच्या स्नायूत ते साठत जाते. मधुमेह जडतो, वाढ खुंटते, वयात येणे लांबते. पण या मुलांचा जीव सर्वाधिक घेतला तो हृदयाने.

ते हृदयच पूर्वी मापात येत नसे. लोहसाठ्याचा अंदाज देणारे रक्तातले फेरिटिन हे प्रथिन साध्या संसर्गानेही वाढते. यकृताचा तुकडा काढून तपासला तर उत्तर मिळते ते यकृतापुरते. हृदयात लोह उशिरा शिरते आणि उशिराच निघते. त्यामुळे लोह काढणाऱ्या औषधाने यकृत स्वच्छ झालेल्या रुग्णाचेही हृदय लोहाने भरलेले असू शकते.

एमआरआय यंत्र ऊतींतल्या पाण्यातील हायड्रोजनचा संदेश टिपते. लोहाचे कण भोवतालचे चुंबकीय क्षेत्र विस्कटतात, म्हणून लोह जितके जास्त तितका हा संदेश लवकर विझतो. विझण्याचा हा वेग दाखवणारा काळ म्हणजे टी-टू-स्टार. तो मिलिसेकंदांत मोजतात. रुग्ण काही सेकंद श्वास रोखून धरतो, तेवढ्यात हृदयाच्या दोन जवनिकांमधल्या (खालच्या कप्प्यांमधल्या) पडद्याच्या प्रतिमा लागोपाठ घेतल्या जातात.

लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील डडली पेनेल व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही पद्धत हृदयासाठी मांडली. हृदयाच्या मापाचा फेरिटिनशी किंवा यकृतातील लोहाशी भरवशाचा मेळ बसत नाही, हे त्यांनी दाखवले. निरोगी हृदयात हा काळ साधारण ४० मिलिसेकंद असतो. २० च्या खाली लोह साचल्याचे मानतात; १० च्या खाली धोका गंभीर. पुढे ६५२ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरात हृदय निकामी झालेल्यांपैकी ९८ टक्क्यांचे माप १० च्या खाली निघाले. हृदय थकण्याआधी मिळालेली ही सूचना अमोल आहे, कारण तेव्हाच डेफेरिप्रोनसारखे हृदयातले लोह काढणारे औषध वाढवता येते. ब्रिटनमध्ये या तपासणीच्या आणि अशा औषधांच्या काळात थॅलेसेमियाचे मृत्यू ठळकपणे घटले.

महाराष्ट्रात उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत थॅलेसेमिया आणि विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. सिकलसेलमध्ये रक्त चढवल्यास लोह यकृतात साचते, हृदयात मात्र तुलनेने कमी. या तपासणीसाठी नुसते एमआरआय यंत्र असून भागत नाही; मोजणीची खास प्रणाली आणि ती वापरणारी प्रशिक्षित माणसे लागतात. लहान मुले श्वास रोखून स्थिर राहू शकत नाहीत, म्हणून ही तपासणी बहुधा आठ-दहा वर्षांच्या वयापासून सुरू करून साधारण दरवर्षी करतात. हृदय लोहमुक्त व्हायला कित्येक वर्षे लागतात. तोवर टी-टू-स्टारचा आकडा हळूहळूच वर चढतो.