अडखळत्या वाणीचे वैद्य

मरोळसारख्या उपनगरांतील एखाद्या घरांत अडीच वर्षांचें मूल, जें काल-परवांपर्यंत अखंड बडबड करीत होतें, तें एके सकाळीं 'पाणी' या शब्दापाशीं थबकतें. पहिलें अक्षर चार वेळां येतें, ओठ आवळले जातात, डोळे क्षणभर मिटतात आणि मग शब्द बाहेर पडतो. आईच्या हातांतील पेला तसाच राहतो. संध्याकाळपर्यंत घरांत सल्ले जमा होतात. आजी म्हणते, वेखंड मधांत उगाळून जिभेला लावा. आत्या म्हणते, याच्या बापालाहि लहानपणीं असेंच होत असे, आपोआप गेलें. शेजारीण सांगते, घरांत मराठी आणि बालवाडींत इंग्रजी, मग पोराची जीभ गोंधळेल नाहीं तर काय! शेवटीं कोणी तरी म्हणतें कीं एखादा स्पीच थेरपिस्ट गांठा.

हा शेवटचा सल्ला मराठी घरांत अगदीं अलीकडचा आहे. ज्या माणसाकडे जाण्यास सांगितलें जातें तो वाणीचिकित्सक एक शिकून तयार झालेला व्यावसायिक म्हणून १९६६ पूर्वीं मुंबईंत घडतच नव्हता. बाकीचे सल्ले पुष्कळ जुने आहेत. आणि नवल असें कीं, त्यांतील प्रत्येकाच्या पोटांत या विकाराच्या इतिहासांतील एकेक मोठा वाद दडलेला आहे.

वादाकडे वळण्यापूर्वीं शब्दांची एक गल्लत दूर केली पाहिजे. आपल्याकडे बोबडें बोलणें आणि तोतरें बोलणें यांची सर्रास सरमिसळ होते. बोबड्या मुलाच्या तोंडून 'राम' या शब्दाचा 'लाम' होतो; अक्षरच बदलतें. तोतऱ्या मुलाला अक्षर बरोबर ठाऊक असतें, शब्दहि ठाऊक असतो, परंतु तो सुटत नाहीं. बोबड्या बोलांचें आपल्याकडे केवढें कौतुक! तोतऱ्याच्या वाट्याला मात्र नाटकांतील विनोदी पात्राची भूमिका आली. दोन्हींचे उपचारहि भिन्न आहेत, आणि चिकित्सकाकडे गेल्यावर पहिला निवाडा होतो तो याच गोष्टीचा.

जिभेला अपराधी ठरविण्याची चाल जगभर आढळते. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस तोंडांत खडे धरून बोलण्याचा सराव करीत असे, ही प्लूटार्कनें सांगितलेली गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून परिचयाची आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकननें जीभ थंड पडल्यामुळें माणूस अडखळतो असें मानून ऊन मद्याचा उपाय सुचविला. हा उपाय निदान रोग्याला गोड वाटला असेल. परंतु १८४१ सालीं बर्लिनचा नामांकित शस्त्रवैद्य योहान डीफेनबाख यानें तोतऱ्या रोग्यांच्या जिभेच्या मुळाशीं पाचरीच्या आकाराचा छेद घेण्यास आरंभ केला. ईथरची भूल अद्याप प्रचारांत आली नव्हती. तरीहि ही शस्त्रक्रिया थोड्याच काळांत युरोपांत पसरली, आणि रोगी दगावूं लागल्यावर तितक्याच वेगानें मागें पडली.

त्यापुढें आजीचें वेखंड अगदींच सौम्य म्हणावें लागेल. आणि हें वेखंड ज्या परंपरेंतून आलें ती परंपरा केवळ जिभेवर ठपका ठेवून थांबली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत वातव्याधींच्या प्रकरणीं मूक, मिन्मिण आणि गद्गद असे वाणीचे तीन विकार सांगितले आहेत, आणि शब्द वाहून नेणाऱ्या धमन्या कफयुक्त वायूनें व्यापल्यामुळें ते होतात असें कारण दिलें आहे. गद्गद म्हणजे आजचें तोतरेपण तंतोतंत नव्हे. तेव्हां प्राचीनांस सर्व ठाऊक होतें असा डांगोरा पिटण्याचें कारण नाहीं. मात्र दोष जिभेच्या मांसांत नसून तिच्याकडे येणाऱ्या वाटेंत आहे, ही कल्पना डीफेनबाखच्या सुरीपेक्षां शहाणपणाची होती खास.

वाणीचिकित्सेचें स्वतंत्र शास्त्र विसाव्या शतकांत आकारास आलें. १९२४ सालीं व्हिएन्ना येथें एमिल फ्रोशेल्स यांनीं या विषयांतील लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. त्याच सुमारास अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत सॅम्युएल ऑर्टन आणि ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांनीं मेंदूकडे बोट दाखविलें. मेंदूच्या दोन अर्धांपैकीं एकाचें वर्चस्व नीट न बसल्यास वाणी अडखळते, असें त्यांचें मत होतें. म्हणून डावखुऱ्या मुलाला बळेंच उजव्या हातानें लिहावयास लावूं नये असें ते सांगत. आपल्याकडे 'उजव्या हातानें जेव' म्हणून डावऱ्या मुलांच्या हातावर चापट मारली जात होती, तोच हा काळ.

१९३९ हें वर्ष या इतिहासांत दोन कारणांनीं लक्षांत राहतें. त्या वर्षीं ३ सप्टेंबरला ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज, जो तेव्हां हिंदुस्थानचा सम्राटहि होता, त्यानें महायुद्धाच्या प्रारंभीं आपल्या साम्राज्याला उद्देशून आकाशवाणीवरून भाषण केलें. तो लहानपणापासून तोतरा होता. त्याला शिकविणारा लायोनेल लोग हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ डॉक्टर नव्हता. वक्तृत्वाचे धडे देतां देतां, पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांची हरपलेली वाचा सुधारतां सुधारतां तो या विद्येंत शिरला होता. १९२६ पासून राजपुत्र त्याच्याकडे जात असे. राजघराण्यालाहि योग्य माणूस सांपडण्यास वेळ लागला, ही गोष्ट मरोळच्या आईबापांना थोडा धीर देण्यासारखी आहे.

त्याच वर्षींची दुसरी हकिकत मात्र कोणी कोठें मोठ्यानें वाचून दाखविली नाहीं. आयोवा विद्यापीठांतील वेंडेल जॉन्सन, जे स्वतः तोतरे होते, त्यांच्या मनांत अशी शंका होती कीं तोतरेपण मुलाच्या मुखांत सुरू होतच नाहीं. तें आईबापांच्या कानांत सुरू होतें. दोन-तीन वर्षांचें प्रत्येकच मूल थोडें अडखळतें. आईबाप त्याला नांव ठेवतात, मूल बावरतें आणि खरोखरीच तोतरें होतें. ही शंका पारखण्यासाठीं मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनें डेव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमांतील २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतील चांगलीं बोलणारीं सहा मुलें निवडून त्यांना वारंवार सांगण्यांत आलें कीं, तुमचें बोलणें बिघडत चाललें आहे, अडखळूं नका, नीट बोलतां येत नसेल तर बोलूंच नका. तीं मुलें खऱ्या अर्थानें तोतरीं झालीं नाहींत. तीं गप्प झालीं, लाजूं लागलीं. प्रबंध ग्रंथालयांत पडून राहिला. २००१ सालीं एका वर्तमानपत्रानें तो प्रकार उघडकीस आणला तेव्हां विद्यापीठानें क्षमा मागितली, आणि २००७ सालीं आयोवा राज्यानें ९,२५,००० डॉलर देऊन दाव्यांत तडजोड केली.

प्रयोग दडून राहिला, पण मत दडून राहिलें नाहीं. पुढें कित्येक दशकें जगभरच्या डॉक्टरांनीं आयांना सांगितलें: लक्ष देऊं नका, बोलूं नका, दोष तुमच्या काळजींतच आहे. किती आयांनीं हा ठपका मुकाट्यानें सोसला असेल! आज हें मत टिकलेलें नाहीं. मुलाचें वाक्चापल्य जेव्हां भराभर वाढतें त्याच काळांत, म्हणजे साधारणतः दोन ते पांच वर्षांच्या दरम्यान, तोतरेपण सुरू होतें. वाणीच्या हालचालींची वेळ साधणाऱ्या मेंदूंतील व्यवस्थेशीं त्याचा संबंध आहे. आणि तें घराण्यांतून उतरतें. २०१० सालीं अमेरिकेंतील डेनिस ड्रेना व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच्याशीं निगडित अशीं कांहीं जनुकें प्रथम दाखविलीं, आणि त्या शोधाचा धागा मिळाला तो पाकिस्तानांतील तोतऱ्या माणसांच्या मोठ्या कुटुंबांतून. 'याच्या बापालाहि होत असे' हें आत्याचें वाक्य म्हणूनच चिकित्सक वहींत टिपून घेतो. तिच्या 'आपोआप गेलें' या शब्दांइतकाच त्यालाहि अर्थ आहे.

आत्या चूक म्हणते असें मात्र नाहीं. सुमारें शेंकडा ५ मुलें केव्हां ना केव्हां तोतरीं बोलतात, आणि त्यांतील पांचांपैकीं जवळजवळ चार पुढें सुरळीत बोलूं लागतात. पंचाईत एवढीच कीं आपलें मूल त्या चारांतलें कीं पांचवें, हें दारांत उभें राहून ओळखतां येत नाहीं. मुलगी असेल तर बरें होण्याचा संभव अधिक. घराण्यांत कोणी मोठेपणींहि तोतरा राहिला असेल, अडखळणें सहा महिने ते वर्षभर टिकलें असेल, किंवा शब्दासाठीं मूल धडपडूं लागलें, चेहरा ताणूं लागलें, बोलणेंच टाळूं लागलें, तर वाट पाहणें महागांत पडतें. कारण शाळेचें वय झाल्यावर हा दोष हटवणें पुष्कळ कठीण होतें.

आतां जायचें कोणाकडे? मुंबईंत वाणीच्या शिक्षणाची पहिली सोय झाली ती बहिऱ्या मुलांसाठीं. १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें येथें निघालेली मूकबधिरांची शाळा ही भारतांतील तशी पहिली शाळा मानली जाते. परंतु जें मूल नीट ऐकतें आणि तरीहि अडखळतें, त्याचा तेथें कांहीं संबंध नव्हता. तें वैद्याकडे जाई, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाई, गुरुजींच्या पाठांतराला बसे. स्वातंत्र्यानंतर १९६५ सालीं म्हैसूर येथें केंद्र सरकारनें वाणी व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था काढली. पुढच्याच वर्षीं मुंबईंत महापालिकेच्या नायर रुग्णालयाशीं जोडलेल्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजांत श्रवणशास्त्र आणि वाणीचिकित्सा यांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९८३ सालीं वांद्र्याच्या रेक्लमेशनवर राष्ट्रीय श्रवण-अपंग संस्था उभी राहिली. महाराष्ट्राचे राज्यपाल असतांना १९७६ सालीं निवर्तलेले अली यावर जंग यांचें नांव तिला देण्यांत आलें. पुढें तिच्या नांवांत वाणीचाहि समावेश झाला. तोंपर्यंत कोणीहि पाटी लावावी अशीच स्थिति होती. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या कायद्यानें या व्यवसायाला नोंदणी लागूं केली. आजहि पालकांनीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच: आपलें नांव परिषदेच्या नोंदवहींत आहे काय? प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाहीं.

दुसरा प्रश्न भाषेचा. मरोळ हें मूळचें साष्टींतील खेडें. तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची घरची बोली मराठीचाच एक प्रकार आहे. पुढें औद्योगिक वसाहत आली, १९७३ सालीं 'सीप्झ' आलें, आणि देशाच्या सर्व प्रांतांतील लोक येऊन राहिले. आज तेथील एका जिन्यांत चार भाषा ऐकूं येतात. शेजारणीची भीति त्यामुळें साहजिक आहे, पण दोन भाषा ऐकल्यानें मूल तोतरें होतें यास आधार मिळालेला नाहीं. घरची भाषा बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानूं नये. आजीशीं बोलण्याची वाट बंद करून मुलाची वाणी मोकळी कशी होणार? मात्र चिकित्सकाला मुलाची भाषा समजणें फार उपयोगाचें, कारण आजच्या उपचारांतील बहुतेक काम घरांतच होतें.

ही मोठीच पालट आहे. जॉन्सनच्या काळीं आईला दूर व्हावयास सांगितलें जाई. आज तिला हातीं धरलें जातें. ऑस्ट्रेलियांत मार्क ऑन्स्लो व सहकाऱ्यांनीं घडविलेल्या लिडकंब पद्धतींत आई किंवा बाप रोज थोडा वेळ मुलाशीं खेळतां खेळतां त्याच्या सुरळीत वाक्याला शाबासकी देतात, आणि क्वचित, हलक्या स्वरांत, अडखळल्याची जाणीव देतात. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडमधील चांचणींत ५४ मुलें होतीं. नऊ महिन्यांनंतर या पद्धतीच्या मुलांचें अडखळणें शेंकडा ७७ नें कमी झालें, तर इतरांचें शेंकडा ४३ नें. दुसरी पद्धति याच्या उलट: अडखळण्याचा उल्लेखच न करतां घरांतील घाई, प्रश्नांचा भडिमार आणि मुलावरील भार हलका करावयाचा. २०१५ सालीं नेदरलंडांत १९९ मुलांवर दोन्ही पद्धती शेजारीं शेजारीं लावून पाहिल्या. दीड वर्षानें दोन्हींकडे दहांपैकीं सात-आठ मुलें तोतरीं राहिलीं नव्हतीं. तेव्हां 'आमचीच पद्धति खरी' असें सांगणाऱ्या चिकित्सकापेक्षां, तुमच्या घराला कोणती झेपेल हें विचारणारा बरा.

मरोळ नाक्यावरून मेट्रोनें अंधेरी आणि तेथून लोकलनें वांद्रें किंवा मुंबई सेंट्रल, एवढाच प्रवास आहे. खासगी चिकित्सक तर उपनगरांतहि आहेत. पहिल्या भेटींत पुष्कळांची निराशा होते, कारण औषध मिळत नाहीं, जीभहि कोणी ओढून पाहात नाहीं. सतरंजीवर लाकडी गाड्या मांडलेल्या असतात. आईला सांगितलें जातें कीं, घरीं खेळतां तशीच याच्याशीं खेळा. बाजूला बसलेली बाई वहींत शंभर अक्षरांमागें किती अडलीं त्याच्या रेघा ओढीत असते, आणि मूल गाडी पुढें ढकलीत म्हणतें, "ग-ग-गाडी आली."