विषयाआधीचा अभ्यास : शिरूर आणि दौंड तालुक्यांतील परिसरशिक्षणाचा इतिहास

महाराष्ट्रातील अकरावी-बारावीचा विद्यार्थी ज्या अनिवार्य विषयाला आज ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या नावाने ओळखतो, तो विषय म्हणून नवा असला तरी त्यातील आशय नवा नाही. आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत तर त्या आशयाचा माग एकोणिसाव्या शतकापर्यंत काढता येतो. ‘पर्यावरण’ हा शब्द या भागातील शेतकऱ्याच्या बोलीत फार उशिरा आला. त्याच्याकडे शिवार, रान, माळ, ओढा, बरड, चोपण, पाटपाणी असे सुटे शब्द होते, आणि त्या प्रत्येक शब्दात जमिनीचा पोत, पाण्याची वाट व पिकाची शक्यता यांविषयीचे पिढ्यांचे ज्ञान साठलेले होते. हे ज्ञान शाळेच्या भिंतीआड कसे आले, आणि तेथे आल्यावर त्याचे काय झाले, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर आपले बहुतेक पाणी टाकून कोरडे होतात आणि मग या पठारावर पोहोचतात. परिणामी घाटावर हजारो मिलिमीटर पाऊस पडत असताना येथे तो साधारण 500 मिलिमीटरच्या आगेमागे पडतो, आणि तोही वेळेवर पडेल याची खात्री नसते. शिरूरच्या उत्तरेने घोड नदी वाहते, म्हणून तालुक्याच्या गावाला आजही ‘घोडनदी’ हे दुसरे नाव आहे. दक्षिणेकडे भीमा असून तिच्या पलीकडे दौंड तालुका पसरलेला आहे, आणि पुण्याहून आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. नद्या अशा जवळून वाहतात, तरी नदीकाठची पट्टी सोडली की जिरायत माळ सुरू होतो. पाणी डोळ्यांसमोर असूनही शेताला न मिळणे ही स्थिती या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाच्या मुळाशी आहे, आणि शिक्षणाच्या इतिहासाच्याही.

1875 च्या दख्खनच्या दंग्यांची सुरुवात याच पट्ट्यात झाली. शिरूर तालुक्यातील करडे गावी 1874 च्या अखेरीस सावकारावरील बहिष्काराने असंतोषाला तोंड फुटले. पुढे मे 1875 मध्ये तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उद्रेक झाला आणि त्याची झळ लगोलग केडगावपर्यंत पोहोचली. या दंग्यांचा विचार बहुधा सावकारी, कर्जखते आणि जमीनमहसूल यांच्या अंगाने केला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु अनिश्चित पावसाच्या जमिनीवर निश्चित रोख सारा बसविला की काय होते, याचाही तो पाठ होता. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, तसेच शाळांना जोडून लहान नमुना-शेते असावीत, अशी मागणी त्यांनी केली होती. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरमाथ्यावरून वाहून जाणारी माती, ताली व बंधारे, जंगलखात्याने बंद केलेली गायराने यांची चर्चा आहे. मृदा व जलसंधारण, म्हणजे माती आणि पाणी जागच्या जागी अडविणे, ही आजच्या पाठ्यपुस्तकातील प्रकरणाची भाषा. तिचा गाभा तेथे आधीच आलेला आहे. फुल्यांची मागणी मात्र सरकारने उचलली नाही, आणि खेड्यातील शाळा बराच काळ कारकून घडविण्याच्या पायरीवरच राहिली.

या काळात दौंडच्या भूमीवर एक वेगळा प्रयोग उभा राहिला, आणि तो शिक्षणखात्याच्या नव्हे तर एका स्त्रीच्या पुढाकाराने. पंडिता रमाबाई यांनी 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले, आणि 1896-97 च्या दुष्काळात व प्लेगच्या साथीत त्यांच्या कार्याचे केंद्र केडगावकडे सरकले. पुणे-दिक्साळ लोहमार्ग 1858 पासून सुरू असल्याने केडगावला रेल्वेची सोय होती; बाकी तेथे होता तो माळ. दुष्काळग्रस्त मुली व स्त्रिया शेकड्यांनी येऊ लागल्यावर तेथे विहिरी खोदाव्या लागल्या, शेती व फळबाग करावी लागली, आणि हे काम आश्रमवासी स्त्रियांच्या शिक्षणाचाच भाग झाले. अमेरिकेतील वास्तव्यात रमाबाईंनी बालोद्यान पद्धतीचे, म्हणजे लहान मुलांना वस्तू, खेळ व निरीक्षण यांतून शिकविण्याच्या पद्धतीचे, शिक्षण घेतले होते. त्यांच्या अभ्यासक्रमात शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र होते. स्वतःचे शरीर आणि भोवतालची सृष्टी या दोन्ही गोष्टी मुलींना कळाव्यात, हा त्यामागील हेतू होता. केडगावच्या या आश्रमाचा, म्हणजे मुक्ती मिशनचा, इतिहास धर्मांतराच्या वादाने इतका व्यापला गेला की ही बाजू क्वचितच कोणी पाहिली. विधवेला वनस्पतीची अंगे शिकविणारी शाळा त्या काळी पुण्यासारख्या शहरातही दुर्मीळ होती, मग माळावरच्या खेड्याची गोष्टच वेगळी.

विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकी शिक्षणाने थोडे मूळ धरले. दौंडच्या वाटेवरील लोणी येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतकी शाळा निघाली, आणि तिचा नमुना इतका चर्चिला गेला की 1928 मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगाने मुंबई इलाख्यातील अशा शाळांचा विचार ‘लोणी पद्धत’ या नावानेच केला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावाचा जो अभ्यास केला, तो 1921 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी 1917 मध्ये मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचे असेच सर्वेक्षण केले होते. जातेगाव मुद्दाम निवडले गेले ते शहरापासून दूर, पावसावर विसंबलेले गाव म्हणून. गावाची माती, पाण्याची साधने, जमिनीचे तुकडे, पिके, जनावरे, माणसांची मिळकत आणि कर्ज या सर्वांची एकत्र मोजदाद करणारा हा ग्रंथ अर्थशास्त्राच्या मालिकेत छापला गेला, परंतु आज ज्याला परिसंस्थेचा अभ्यास म्हणतात, म्हणजे सजीव, माती, पाणी व माणूस यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास, त्याच्या तो फारच जवळ आहे. दुर्दैव एवढेच की हे ज्ञान इंग्रजीत लिहिले गेले, आणि ज्या गावाविषयी ते होते त्या गावच्या शाळेपर्यंत ते पोहोचण्याची व्यवस्था नव्हती.

1937 च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या आणि झाकीर हुसेन समितीने आखून दिलेल्या मूलोद्योग शिक्षणात, म्हणजे एखाद्या हस्तव्यवसायाभोवती सर्व विषय गुंफणाऱ्या पद्धतीत, सामान्य विज्ञानाच्या सदराखाली निसर्गनिरीक्षण, वनस्पती, प्राणी, आरोग्य आणि आकाशातील तारे यांचाही समावेश होता. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने ही पद्धत स्वीकारली. पण सूतकताईची टकळी राहिली आणि निसर्ग मागे पडला, असेच तिच्या पुढील वाटचालीचे वर्णन करावे लागते.

अकरावी-बारावीच्या, म्हणजे विद्यापीठापूर्वीच्या, शिक्षणालाही स्वतःचा इतिहास आहे. 1975 पूर्वी महाराष्ट्रात अकरावीनंतर शालान्त परीक्षा होत असे आणि त्यानंतरचे वर्ष विद्यापीठाच्या अखत्यारीतील महाविद्यालयात काढावे लागे. शिरूर-दौंडच्या मुलाला त्यासाठी बहुधा पुणे गाठावे लागे. 1975 मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली, अकरावी-बारावीचे वर्ग कनिष्ठ महाविद्यालय म्हणून शिक्षणमंडळाकडे आले आणि तालुक्याच्या ठिकाणी, पुढे मोठ्या गावांतही, ते सुरू होऊ शकले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक स्तरावर विज्ञान व समाजशास्त्र वेगळे न शिकविता परिसराचा एकत्र अभ्यास करावा, असे सुचविले. महाराष्ट्रात ‘परिसर अभ्यास’ हे नाव रूढ झाले, आणि बालभारतीने तिसरीचे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळे काढण्याची पद्धत ठेवल्याने पुणे जिल्ह्यातील मुलाला आपल्या तालुक्याचे नाव, नदी आणि पीक छापील पानावर दिसू लागले. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटकांत, म्हणजे प्रत्येक विषयातून मुलापर्यंत पोहोचावयाच्या मूल्यांत, पर्यावरणाच्या संरक्षणाचा समावेश केला.

याच सुमारास शिरूर तालुक्यातील पाबळ येथे जे घडले, ते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मानावे लागेल. मस्तानीच्या समाधीमुळे इतिहासप्रेमींना ठाऊक असलेल्या या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अन्नतंत्रज्ञानातील डॉक्टरेट आणि मुंबईतील एका मोठ्या उद्योगाच्या संशोधनकेंद्रातील वरिष्ठ पद मागे ठेवून ते पत्नी मीराताईंसह पाबळला राहावयास आले होते. शाळेत नापास ठरलेला मुलगा हाताने काम करताना उत्तम शिकतो, तेव्हा दोष मुलाच्या बुद्धीत नसून शिकविण्याच्या रीतीत आहे, असा त्यांच्या विचाराचा आशय सांगता येईल. आश्रमाने आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय विकसित केला, गावच्याच माध्यमिक शाळेत तो राबविला, आणि राज्य शिक्षणमंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली.

या विषयाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्याचे चार विभाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, आणि शेती व पशुपालन. आठवड्यातील एक दिवस मुले वर्गाबाहेर काम करीत. ते काम शक्यतो गावातील कोणाच्या तरी गरजेचे असे, आणि गरजू माणूस त्याचे साहित्याचे पैसे देई, त्यामुळे काम चांगले होणे ही परीक्षेची नव्हे तर व्यवहाराची अट बनत असे. पर्यावरणाच्या विभागात जमिनीची मोजणी, पर्जन्यमापन, मातीपरीक्षण, गोबरगॅस, सूर्यचूल, निर्धूर चूल अशा गोष्टी येत. आश्रमाने भूजल शोधण्यासाठी विद्युत्‌रोध मापनाचे उपकरण वापरले. जमिनीत वीजप्रवाह सोडून तिच्या थरांचा रोध मोजला की कोठे पाणी असण्याचा संभव आहे याचा अंदाज बांधता येतो, हे त्यामागील तत्त्व. नारळ किंवा कडुनिंबाची काटकी हातात घेऊन विहिरीची जागा सांगणाऱ्या पाणाड्याच्या गावात हे तंत्र शिकविणे म्हणजे भौतिकशास्त्राचा धडा थेट गावाच्या सर्वांत महागड्या निर्णयाशी जोडणे होते. 2002 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेबाहेरील आरंभीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांनी वस्तू घडविण्याच्या कार्यशाळांपैकी, एक पाबळला उभी राहिली. कलबाग 2003 मध्ये निवर्तले. पाबळचा विषय आजही अनेक शाळांत चालतो, तथापि तो प्रयोगच राहिला, नियम झाला नाही.

नियम झाला तो दुसऱ्या वाटेने, आणि ती वाट न्यायालयातून गेली. वकील म. चं. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी पर्यावरण हा शिक्षणातील अनिवार्य विषय करण्याचा आदेश दिला. बारा वर्षे अंमलबजावणी रेंगाळल्यावर डिसेंबर 2003 मध्ये न्यायालयाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला अभ्यासक्रम तयार करावयास सांगितले, आणि 2004 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यानंतर महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांना पर्यावरण शिक्षण लागू झाले. विषय 50 गुणांचा असल्याने काही वर्षे बारावीची गुणपत्रिका 600 ऐवजी 650 गुणांची असे. 2019-20 पासून नव्या पाठ्यपुस्तकासह त्यात जलसुरक्षेची भर पडली. त्यापाठोपाठ माध्यमिक शाळेतही ‘जलसुरक्षा’ हे पुस्तक आले. प्रकल्प आणि नोंदवही यांवर विषयाचे मूल्यमापन ठरल्याने त्याचा हेतू उघडपणे प्रत्यक्ष निरीक्षणाचा होता, पण नोंदवही तयार मिळू लागली की निरीक्षणाची गरज संपते, हा अनुभव केवळ या दोन तालुक्यांपुरता नाही.

वस्तुतः गेल्या अनेक दशकांत शिरूर-दौंडचा परिसर पाठ्यपुस्तकापेक्षा वेगाने बदलत होता. खडकवासल्याच्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी दौंडच्या शिवारात आले तसा ऊस आला. शिरूरमध्ये घोड धरण आणि चासकमानच्या कालव्यांनी तेच केले. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि बारमाही पाटपाण्याखालील जमीन पाणथळ व खारवट होण्याचा, स्थानिक भाषेत चोपण होण्याचा, प्रश्न पुढे आला. कुरकुंभ येथे रासायनिक उद्योगांची वसाहत आणि रांजणगाव येथे मोठी औद्योगिक वसाहत झाली. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत उतरू लागले आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात साचू लागले. उसाच्या फडात बिबट्याने घर केले. जुन्नर वनविभागाच्या कार्यक्षेत्रात शिरूर येत असल्याने तेथील गावांना बिबट्या हा अभ्यासाचा नव्हे तर रात्री मोटार सुरू करावयास जाण्याचा प्रश्न झाला. जिरायत माळ आणि त्यावरील चिंकारा, लांडगा, माळढोक यांचे जग मात्र आक्रसत गेले. मोराची चिंचोली येथील मोर टिकले, कारण गावाने त्यांना राखले.

शहरात छापलेल्या पुस्तकात जैवविविधता, प्रदूषण, जागतिक तापमानवाढ यांची प्रकरणे क्रमाने येतात, तर दौंडच्या मुलासमोर हे सर्व एकाच शिवारात, एकाच आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या एकाच पाळीत, गुंतलेले असते. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने शून्य-ऊर्जा शाळा म्हणून, म्हणजे लागणारी वीज स्वतःच सूर्यप्रकाशापासून मिळविणारी शाळा म्हणून, जे नाव कमावले, त्यामागे ग्रामस्थांची जमीन, श्रम आणि वर्गणी होती, अभ्यासक्रमातील कलम नव्हते. बारावीची नोंदवही तपासणाऱ्या शिक्षकालाही हे सारे दिसत असते. त्याच्याकडे त्या विषयासाठी वेळापत्रकात तासिका मात्र मोजक्याच असतात, आणि बहुधा तो मुळात जीवशास्त्राचा किंवा भूगोलाचा शिक्षक असतो.