जुन्या वायरिंगवरचे गृहस्वयंचलन : एक्स-टेन प्रणालीचा इतिहास

घरातील दिवे आणि उपकरणे दुरून किंवा ठरावीक वेळी आपोआप चालू-बंद करणे म्हणजे गृहस्वयंचलन. अमेरिकेतील सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात ते आले १९७० च्या दशकाच्या अखेरीस, एक्स-टेन या प्रणालीमुळे. त्याआधीचे प्रयोग एकेकट्याचे होते. वेस्टिंगहाउसमधील अभियंता जिम सदरलंड याने १९६६ मध्ये स्वतःच्या घरासाठी एको-फोर नावाचा संगणक बांधला, पण तो कधीच विक्रीस आला नाही. एक्स-टेनने मात्र भिंतीत आधीपासून असलेल्या विजेच्या तारांवरूनच आज्ञा पाठवल्या. तिचा स्वस्तपणा या निवडीतून आला आणि तिच्या बहुतेक अडचणींचे मूळही तेथेच होते.

ही प्रणाली स्कॉटलंडमधील ग्लेनरोथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये विकसित केली. पिकोचे आधीचे काम मुख्यतः गणकयंत्रांच्या चिपांचे होते; नंतर तिने बीएसआर या ब्रिटिश रेकॉर्डप्लेअर उत्पादकाशी सहकार्य केले आणि १९७८ मध्ये रेडिओ शॅक व सीअर्स यांच्या दुकानांतून हा संच अमेरिकेत विक्रीस आला. त्यात आज्ञा देणारा एक फलक, दिव्यासाठीचे मॉड्यूल आणि इतर उपकरणांसाठीचे मॉड्यूल असे. मॉड्यूल म्हणजे भिंतीवरील सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये बसवायची छोटी पेटी.

प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यातून जातो आणि त्या क्षणी तारेवरील गोंगाट तुलनेने कमी असतो, म्हणून १२० किलोहर्ट्झचा, सुमारे एक मिलिसेकंदाचा स्पंद नेमका तेव्हाच सोडला जाई. स्पंदाच्या असण्या-नसण्यातून १ आणि ० हे अंक व्यक्त होत. खबरदारी म्हणून प्रत्येक संदेश दोनदा पाठवला जात असल्याने एक दिवा लावण्याची पूर्ण आज्ञा पोहोचण्यास अमेरिकेतील ६० हर्ट्झच्या विजेवर पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे.

प्रणालीची जुळवणी, म्हणजे आजच्या भाषेत प्रोग्रॅमिंग, स्क्रूड्रायव्हरने होई. प्रत्येक मॉड्यूलवर दोन तबकड्या असत : एकीवर ए ते पी ही सोळा अक्षरे, जी संपूर्ण घराचा संकेत ठरवत, आणि दुसरीवर १ ते १६ हे त्या मॉड्यूलचे क्रमांक, अशा रीतीने २५६ पत्ते मिळत. वेळापत्रकाची सोय टायमरने आणि १९८० च्या दशकात संगणकाला जोडता येणाऱ्या सीपी-२९० या जोडयंत्राने केली. संगणकावर आखलेले वेळापत्रक हे यंत्र स्वतःच्या स्मृतीत साठवी, त्यामुळे नंतर संगणक बंद ठेवला तरी चाले.

बसवणाऱ्याची खरी कसोटी मात्र वायरिंगमध्ये लागे. अमेरिकन घरात वीज दोन शाखांनी येते आणि एका शाखेवरचा संकेत दुसरीवर क्षीण होऊन पोहोचतो, म्हणून त्यांच्यामध्ये संकेत पोहोचवणारा कपलर बसवावा लागे. काही उपकरणांचे पॉवर सप्लाय संकेत शोषून घेत, तर एकाच ट्रान्सफॉर्मरवरील शेजाऱ्याने तेच अक्षर निवडले असेल तर त्याच्या आज्ञेने आपला दिवा पेटू शके. जुन्या घरांतील स्विचच्या पेटीत अनेकदा न्यूट्रल तार नसे. त्यामुळे एक्स-टेनचा भिंतीवरील स्विच स्वतःला लागणारा प्रवाह दिव्यातूनच घेई आणि म्हणून तो तापदीप्त बल्बपुरताच उपयोगी ठरे. शिवाय साध्या मॉड्यूलकडून आज्ञा मिळाल्याची पोच परत येत नसे, म्हणून दिवा खरोखर लागला का, हे डोळ्यांनीच पाहावे लागे.

पुढील प्रणालींनी नेमक्या याच उणिवा हेरल्या. झेड-वेव्हने तारा सोडून रेडिओलहरी स्वीकारल्या आणि २००५ मध्ये आलेल्या इन्स्टिऑनने तार व रेडिओ दोन्ही वापरले. दोहोंत आज्ञेची पोच देण्याची तरतूद होती. पत्ते देण्याचे काम तबकड्यांकडून सॉफ्टवेअरकडे गेले, तरी पत्ता ठरवणे, संकेत पोहोचतो का ते तपासणे आणि मग वेळापत्रक भरणे हा एक्स-टेनच्या काळातील कामाचा क्रम टिकून राहिला, आणि स्विचच्या पेटीत न्यूट्रल तार आहे की नाही, हे आजही मॉड्यूल विकत घेण्याआधीच पाहावे लागते.