झोपाना बी हजार रुपया?

मुंबई सेंट्रल स्टेशनात नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं. रांगेत, एकावर एक रचलेले ४८ खोके, बारा तासांचे ९९९ रुपये. मी पुण्यात कोडिंग करतो आणि सुट्टी मिळाली की सॅक पाठीवर टाकून फिरतो. मुंबई ‘बजेटमध्ये’ करायची ठरवली तेव्हा पहिली रात्र तिथेच काढली. आडवा पडूनच नंदुरबारला पप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि एसी, चार्जिंग पॉइंट, छोटा दिवा असं सगळं फिरवून दाखवलं.

पप्पा अहिराणीत म्हणाले, “झोपाना बी हजार रुपया लेतस का रे?”

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, “तुझ्या मामाला घेऊन आलो होतो तेव्हा चार रात्री परळच्या फुटपाथवर झोपलो.”

हे मला माहीतच नव्हतं. २००९ साली मी तेरा वर्षांचा होतो. मामांना तोंडाचा कॅन्सर निघाला आणि पप्पा त्यांना ‘टाटाला’ घेऊन गेले, एवढंच घरात ठाऊक. आमच्याकडे ‘टाटाला नेलं’ असं कुणी म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. परळचं टाटा मेमोरियल १९४१ चं. त्या पत्त्यावर आमच्या जिल्ह्यातली किती माणसं पहिल्यांदा मुंबई बघतात!

मुंबईत स्वस्तात राहायचं कसं, हा प्रश्न ट्रॅव्हल व्लॉगवाल्यांच्या फार आधीचा आहे. सगळ्यात भारी उत्तर गोव्याच्या लोकांनी शोधलं होतं. एकोणिसाव्या शतकात गोव्यातले तरुण बोटीवर खलाशी, आचारी म्हणून काम शोधायला मुंबईत यायचे. बोट मिळेपर्यंत राहायचं कुठे? तर प्रत्येक गावाने धोबीतलाव, गिरगाव, माझगाव भागात आपापली ‘कूड’ काढली. महिन्याला किरकोळ पैसे द्यायचे, आपली ट्रंक भिंतीला लावायची, तिच्याशेजारी पथारी. संध्याकाळी गावाच्या संताच्या वेदीपुढे सगळ्यांनी मिळून प्रार्थना. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कुडी अजूनही आहेत. हॉस्टेलचं सगळं गणित यात आलं, फक्त रिव्ह्यूच्या जागी गावाची ओळख चालायची.

गिरणगावातही तेच. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीने राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर झोपायची. (सर्व्हरवर आम्ही शिफ्टमध्ये लोड वाटतो, तसं इथे अंथरूण वाटलं जायचं.) जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशेबावर. या बाया स्वतः मात्र सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू गेल्या, तशा त्या खोल्याही.

हे वाचताना मी आमचं नाव शोधत होतो, आणि ते कुठेच नव्हतं. नंदुरबारची कूड नाही, चाळीत आमच्या गावाची खोली नाही. कारण सरळ आहे. आमची रेल्वे, ताप्ती व्हॅली, सुरतेला जाऊन मिळते. ती नवापूरला ज्या स्टेशनात थांबते ते अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. ऊसतोडीला आमचे आदिवासी दक्षिण गुजरातेत जातात, लग्नाचा बस्ता सुरतेहून येतो. १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा जिल्हा झालो, तरी आमचं मोठं शहर सुरतच राहिलं. मुंबईला जायचं ते मंत्रालयात, आझाद मैदानावर, नाहीतर टाटाला. आमदाराची चिठ्ठी असली तर आमदार निवासात पाठ टेकता येते. पप्पांकडे चिठ्ठी नव्हती.

मग कुणीतरी त्यांना दादर पूर्वेची संत गाडगे महाराज धर्मशाळा सांगितली. टाटाच्या पेशंटना आणि सोबतच्या नातेवाइकांना तिथे राहता येतं. गाडगेबाबा १९५६ मध्ये गेले, ही धर्मशाळा त्यांच्या मागे त्यांच्या कामातून झाली. पण बांधायची सवय त्यांचीच. पंढरपूर, नाशिक, आळंदी, जिथे गरीब माणूस उघड्यावर झोपतो तिथे त्यांनी कीर्तनातून लोकांकडून पैसा उभा केला आणि छप्पर घातलं. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्यांना कुठेच जागा मिळत नव्हती, तर चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या हाती सोपवली. स्वतःसाठी खोली ठेवली नाही. शाळेत आम्ही त्यांचा खराटाच पाठ केला. धर्मशाळा हे त्यांचं तेवढंच मोठं काम होतं, पण निबंधात त्याला एक ओळ मिळायची.

पप्पा आणि मामा तिथे एकोणीस दिवस राहिले. शेजारी बिहारचं एक कुटुंब होतं, हिंदी दोघांचीही मोडकीच. पप्पा केळीचं सांगायचे, ते मक्याचं. मामांना बोलता येत नव्हतं, पण त्या घरातल्या पोरासोबत ते पत्ते खेळायचे. मामा त्या दिवाळीला घरी आले. पुढच्या दिवाळीला नव्हते.

हे सगळं पप्पांनी मला ९९९ रुपयांच्या खोक्यात पडल्या पडल्या ऐकवलं. बारा वाजून गेले होते. वरच्या पॉडमधल्या माणसाने दोनदा ठोकलं, तेव्हा मी हेडफोन लावले.

सकाळी मरीन ड्राइव्हचा प्लॅन होता. तो सोडून लोकलने दादरला उतरलो, पूर्वेला बाहेर पडलो आणि विचारत विचारत धर्मशाळेपर्यंत गेलो. आत जायचं धाडस झालं नाही. मी तिथे कुणाचा कोण? समोरच्या फुटपाथवरून एक फोटो काढला आणि पप्पांना पाठवला.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर यायला वेळ लागला. त्यांनी लिहिलं होतं : “आत जाऊन काही पैसे देऊन ये. मामाच्या नावाने पावती घे.”