गेथशेमाने बागेतील प्रार्थना (ड्यूररचे अम्लरेखन)

जर्मन प्रबोधनकालीन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (1471–1528) याने 1515 मध्ये लोखंडी पत्र्यावर केलेले बायबलविषयक मुद्राचित्र. पत्र्यावर अम्लरोधक लेप देऊन त्यात सुईने रेखाटन करायचे, उघड्या पडलेल्या रेषा अम्लाने खोल करायच्या व त्यांत शाई भरून कागदावर ठसा घ्यायचा, या तंत्रास अम्लरेखन म्हणतात. चिलखतांवर नक्षी काढणाऱ्या कारागिरांची ही पद्धत आउग्सबर्गच्या डॅनिएल होप्फरने 1500 च्या सुमारास मुद्राचित्रणात आणली.

अटकेपूर्वीच्या रात्री येशू प्रार्थना करीत असता पेत्र, याकोब व योहान हे शिष्य झोपी गेले, हा प्रसंग मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत येतो. येशूला धीर देणारा देवदूत मात्र केवळ लूकच्या शुभवर्तमानात आढळतो आणि ड्यूररने त्यालाही चित्रात स्थान दिले आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेषा कोरताना हाताला धातूचा प्रतिकार होतो. मऊ लेपावर मात्र सुई मोकळी फिरते, म्हणून येथील रेषा लेखणीच्या रेखाटनासारखी वेगवान झाली असून तिने प्रसंगातील व्याकुळता अतिशय प्रभावीपणे व्यक्त केली आहे.

लोखंडावर रेषा जाड उमटत व पत्रा गंजत असे. ड्यूररने 1515 ते 1518 या काळात अशी सहाच अम्लरेखने केली. पुढे डच चित्रकार लुकास व्हान लायडनने 1520 मध्ये तांब्याचा पत्रा वापरून या तंत्रास सूक्ष्मतेची वाट खुली केली.