पाटी, बिल्ला आणि नोंदवही : एका 'मान्य' बटणाची पूर्वपीठिका

(धागा)

१/ गेल्या पावसाळ्यात घाट चढताना माझ्या जुन्या गाडीच्या क्लचने मान टाकली. रस्त्याच्या कडेला उभे राहून मी वाहनदुरुस्तीचे एक संकेतस्थळ उघडले. गाडीचा क्रमांक, नाव, मोबाइल क्रमांक भरला आणि तळाशी आलेली 'आम्ही कुकीज वापरतो' ही पट्टी न वाचताच 'मान्य' म्हणून दूर सारली. मेकॅनिक आला, काम चोख झाले. तिसऱ्या दिवसापासून मात्र विमा नूतनीकरणाचे फोन सुरू झाले. फोन करणाऱ्यांना गाडीचे मॉडेल आणि वर्षही ठाऊक होते.

२/ त्या संकेतस्थळाचे नाव मी घेणार नाही, कारण माहिती तिथूनच बाहेर गेली हे मला सिद्ध करता येणार नाही. हे सिद्ध करता न येणे कसे घडत गेले, याचा इतिहास मात्र सांगता येतो. त्यात दोन वस्तू आहेत : गाडीची नंबरपाटी आणि ब्राउझरमधली कुकी.

३/ नंबरपाटी वयाने वडील. १४ ऑगस्ट १८९३ रोजी पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला की प्रत्येक मोटारगाडीवर धातूची पाटी हवी आणि तीवर मालकाचे नाव, पत्ता व परवान्याचा क्रमांक वाचता येईल असा लिहिलेला हवा. म्हणजे आरंभी पाटीवर क्रमांकाबरोबर चक्क नाव-पत्ता होता! न्यूयॉर्क राज्याने १९०१ मध्ये नोंदणी सुरू केली तेव्हा मालकांनी आपली आद्याक्षरे गाडीवर लावावीत असा नियम होता. गाड्या वाढल्या तशी नावे मागे पडली आणि केवळ क्रमांक उरला. ब्रिटनमध्ये तो १ जानेवारी १९०४ पासून सक्तीचा झाला.

४/ क्रमांक हा एक प्रकारचा पडदा आहे. रस्त्यावरच्या माणसाला तो गाडी ओळखू देतो, मालक ओळखू देत नाही. मालकाचे नाव सरकारी नोंदवहीत असते. तेव्हा हा पडदा किती जाड, हे ती नोंदवही कोणाला उघडता येते यावर ठरते.

५/ अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ती जवळपास कोणालाही उघडता येत असे. वाहन नोंदणीच्या नोंदी म्हणजे सार्वजनिक दस्तऐवज, अशी तेथील परंपरा. थोडे शुल्क भरावे आणि क्रमांकावरून किंवा नावावरून पत्ता घ्यावा. राज्यांना यातून उत्पन्नही होते. एकट्या विस्कॉन्सिन राज्याला अशा विक्रीतून वर्षाला सुमारे ८० लाख डॉलर मिळत, असा उल्लेख पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आला आहे.

६/ १८ जुलै १९८९. लॉस एंजेलिसमध्ये रेबेका शेफर ही २१ वर्षांची अभिनेत्री दारावरची घंटा ऐकून बाहेर आली. दारात तिचा कित्येक दिवस माग काढणारा एक चाहता उभा होता. त्याने तिला गोळी घातली. तिचा पत्ता त्याने एका खासगी गुप्तहेराला पैसे देऊन मिळवला होता, आणि गुप्तहेराने तो कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागाच्या नोंदींतून घेतला होता. कोणी चोरी केली नव्हती, कुलूप फोडले नव्हते. नोंदवही नेहमीच्या रीतीने उघडली गेली होती.

७/ कॅलिफोर्नियाने आपल्या नोंदींवर निर्बंध आणले आणि १९९० मध्ये पाठलागाविरुद्धचा अमेरिकेतील पहिला कायदा केला. देशपातळीवर उत्तर मिळाले ते १३ सप्टेंबर १९९४ रोजी. त्या दिवशी सही झालेल्या अवाढव्य गुन्हेविरोधी कायद्यात 'चालक गोपनीयता संरक्षण कायदा' हा एक भाग होता. राज्यांच्या वाहन विभागांनी चालकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी वाटेल त्याला देऊ नयेत, असे त्याने सांगितले. अपवाद बरेच ठेवले : विमा कंपन्या, सदोष गाड्या परत बोलावणारे उत्पादक, परवानाधारक गुप्तहेरसुद्धा.

८/ जाहिरातदारांच्या बाबतीत या कायद्याने आधी मुभा ठेवली होती. 'नको' असे कळवण्याची संधी माणसाला दिली की माहिती देता येई, म्हणजे न बोलणारा संमत धरला जाई. १९९९ मध्ये ते उलटले आणि स्पष्ट होकार आवश्यक झाला. मौन म्हणजे होकार की नकार, हा प्रश्न येथे लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

९/ या सहीनंतर बरोबर एक महिन्याने, १३ ऑक्टोबर १९९४ रोजी, कॅलिफोर्नियातल्याच नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची पहिली चाचणी आवृत्ती लोकांसाठी खुली केली. तीत कुकी होती. दोन्ही घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. पण एक नोंदवही बंद होत असताना दुसरी उघडावी, हा योगायोग मला दर वेळी थबकवतो.

१०/ कुकीचा जनक लू माँटुली, नेटस्केपमधला तरुण अभियंता. अडचण अगदी साधी होती. वेबला स्मरणशक्ती नव्हती. एक पान मागितले, मिळाले, संबंध संपला. पुढचे पान मागणारा तोच माणूस आहे हे सर्व्हरला कळत नसे. मग दुकानातली खरेदीची टोपली लक्षात कशी ठेवायची? माँटुलीने ठरवले की सर्व्हरने ब्राउझरला एक छोटी खूण द्यावी आणि पुढच्या प्रत्येक भेटीत ब्राउझरने ती दाखवावी. युनिक्सच्या जगात अशा खुणेला 'मॅजिक कुकी' म्हणत. तेच नाव पुढे चालले.

११/ देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरचा बिल्ला आठवावा. बिल्ल्यावर क्रमांक असतो, तुमचे नाव नसते. स्टँडवाल्याला तुम्ही कोण याच्याशी कर्तव्य नाही. कोणत्या कप्प्यातली चप्पल द्यायची एवढेच हवे. माँटुलीची कुकी ही अशीच होती. शिवाय एका स्टँडचा बिल्ला दुसऱ्या स्टँडवाल्याला दिसू नये, अशी काळजीही त्याने घेतली होती.

१२/ फट राहिली ती वेगळ्याच ठिकाणी. वेबपान एकसंध नसते. मजकूर एका सर्व्हरवरून येतो, जाहिरातीचे चित्र दुसऱ्यावरून, नकाशा तिसऱ्यावरून. आणि चित्र देणारा सर्व्हरही आपला बिल्ला हातात देऊ शकतो. आता कल्पना करा की आळंदी, जेजुरी, तुळजापूर, सगळीकडच्या स्टँडांचा ठेकेदार एकच आहे आणि तो सर्वत्र तोच बिल्ला तपासतो. त्याला तुमचे नाव अजूनही ठाऊक नाही. तुमची सगळी यात्रा मात्र ठाऊक आहे.

१३/ हे ओळखले गेले नव्हते असे नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ने कुकीची बातमी छापली तेव्हा सामान्य वाचकाला ती प्रथम कळली. तोवर ती दीड वर्ष त्यांच्या संगणकांत मुकाट्याने बसलेली होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज निघाला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक स्वतः माँटुली. अशा परक्या कुकीज ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत, असे त्यात बजावले होते. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही मोठ्या ब्राउझरकर्त्यांनी ते मनावर घेतले नाही. जाहिरातीचा धंदा तोवर त्या फटीतच उभा राहिला होता.

१४/ त्या धंद्यातले सर्वांत मोठे नाव डबलक्लिक. १९९९ मध्ये या कंपनीने अबॅकस डायरेक्ट विकत घेतली. अबॅकसकडे टपालाने माल मागवणाऱ्या अमेरिकी कुटुंबांची नावे, पत्ते आणि खरेदीचा तपशील होता. स्टँडच्या ठेकेदाराने धर्मशाळेचे रजिस्टर विकत घ्यावे, तसे हे झाले. बिल्ला आणि नाव एकत्र आणण्याचा बेत कळताच ओरड झाली, फेब्रुवारी २००० मध्ये सरकारी चौकशी सुरू असल्याचे जाहीर झाले, आणि मार्चमध्ये कंपनीप्रमुखाने चूक मान्य करून बेत थांबवला. पुढे २००८ मध्ये डबलक्लिक गुगलकडे गेली.

१५/ याच सुमारास, जानेवारी २००० मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की वाहनचालकांची माहिती ही आंतरराज्य व्यापारातली वस्तू आहे, म्हणून तिच्या विक्रीवर संसद बंधन घालू शकते. साउथ कॅरोलिना राज्य त्या कायद्याविरुद्ध भांडत होते, ते हरले. निकाल गोपनीयतेच्या बाजूने लागला. युक्तिवाद मात्र असा की तुमचा पत्ता हा विकाऊ माल आहे.

१६/ आता वाहनदुरुस्तीच्या संकेतस्थळाकडे परत येऊ, कारण पाटी आणि बिल्ला यांची गाठ नेमकी तिथे पडते. अर्जात आपण गाडीचा क्रमांक, नाव, मोबाइल, पत्ता, किलोमीटर आणि बिघाड आपल्या हाताने लिहितो. आपण न लिहिताही सर्व्हरच्या नोंदीत आयपी पत्ता, ब्राउझरचा प्रकार आणि वेळ उतरते. पानावर नकाशा असेल, भेटींची मोजदाद करणारी यंत्रणा असेल, जाहिरातदाराचे डोळ्यांना न दिसणारे एका बिंदूएवढे चित्र असेल, तर त्यांनाही भेटीची वर्दी जाते. विमावाल्याला, सुट्या भागांच्या विक्रेत्याला, जुन्या गाड्यांच्या दलालाला यातल्या एकेका ओळीचे मोल आहे. आणि अमेरिकेचा १९९४चा कायदा सरकारी नोंदवहीला बांधतो. गॅरेजच्या वहीला तो लागूच नाही.

१७/ या वह्यांसाठी वेगळाच मार्ग निवडला गेला : बंदी न घालता सूचना देण्याचा. १ जुलै २००४ पासून कॅलिफोर्नियाने तेथील रहिवाशांची माहिती घेणाऱ्या व्यापारी संकेतस्थळांना गोपनीयता धोरण प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. तळाशी बारीक अक्षरांत दिसणारा तो दुवा जगभर पसरण्यामागे या कायद्याचा मोठा हात आहे. धोरण असलेच पाहिजे, एवढे त्याने सांगितले. ते चांगले असावे असे सांगितले नाही!

१८/ युरोपने एक पाऊल पुढे टाकले. २००२च्या निर्देशात कुकीची माहिती आणि नाकारण्याचा हक्क होता, २००९च्या दुरुस्तीने पूर्वसंमती आली, २५ मे २०१८ पासून जीडीपीआरने संमतीची व्याख्या कडक केली. 'मान्य' बटणाची पट्टी ही या वाटेची संतती. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवले की आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. मौनाचा तोच जुना प्रश्न. त्यानंतर पट्ट्यांवर 'मान्य' ठळक आणि 'नको' तीन पाने आत, अशी चतुराई सुरू झाली. होकाराइतका नकार सोपा ठेवला नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला.

१९/ आपल्याकडची कथा सरकारी नोंदवहीपासूनच सुरू करावी लागते. 'वाहन' या राष्ट्रीय नोंदसंग्रहातून, केवळ गाडीचा क्रमांक एसएमएसने पाठवला तर मालकाचे नाव कळे, असा काळ फार जुना नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने हा संग्रह घाऊक विकण्याचे धोरण आणले : व्यापारी संस्थांना वर्षाला ३ कोटी रुपये, शिक्षणसंस्थांना ५ लाख. वेगवेगळे संग्रह जुळवून माणूस ओळखला जाण्याची शक्यता त्या धोरणातच नमूद होती, हे विशेष. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा नऊ न्यायाधीशांचा निकाल येऊन (२४ ऑगस्ट २०१७) तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. जून २०२० मध्ये मंत्रालयाने धोरण मागे घेतले. आधी दिलेल्या प्रती परत कशा घ्यायच्या, हा प्रश्न कोणत्याही संग्रहाच्या बाबतीत अवघडच.

२०/ खासगी वह्यांबाबत २०११चे नियम होते. त्यांनी कंपन्यांना गोपनीयता धोरण लावायला सांगितले, पण विशेष संरक्षण दिले ते पासवर्ड, बँक, आरोग्य, बोटांचे ठसे अशा 'संवेदनशील' माहितीला. मोबाइल क्रमांक आणि गाडीचा क्रमांक त्या यादीत नव्हते. म्हणजे माझ्या क्लचची हकीकत त्या संरक्षणाबाहेरच.

२१/ ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि सूचना व संमतीची मुख्य बंधने लागू होण्यासाठी तेथून १८ महिने ठेवले आहेत. या कायद्यात एक तरतूद मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे : काय माहिती घेतो आणि कशासाठी, ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागेल. अर्थात मराठीतही.

२२/ ते फोन थांबेनात तेव्हा मी त्या संकेतस्थळाला मराठीत पत्र लिहिले. माझी कोणती माहिती आपल्याकडे आहे, ती कोणाला दिली, आणि ती पुसता येईल का, असे तीन प्रश्न होते. नऊ दिवसांनी दोन ओळींचे इंग्रजी उत्तर आले. आमचे गोपनीयता धोरण पाहावे, असे त्यात होते, आणि खाली दुवा. तो उघडला तेव्हा पानाच्या तळाशी पुन्हा तीच पट्टी आली.